पेकममधलं वेण्यांचं दुकान : साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला ते

रिव्ह्यू लिहायला बसलेय खरी पण दुकानाचं नाव टाकणार नाहीये, कारण दुकान चालवणाऱ्या आंटीला विचारलं तर ती म्हणाली आधीच शनिवारी बसायला स्टुलं पुरत नाहीत, आणखी माणसं कशाला पाठवतेस. तेव्हा पत्ता एवढाच की लंडन, पेकम, राय लेनजवळची एक गल्ली, मोबाईल रिपेअरवाल्याच्या आतून जायचं, मागे जिना, वर खोली. पाटी नाही. जिन्यातल्या भिंतीवर वेण्यांच्या डिझाइनचे फोटो चिकटवलेत, रंग उडून उडून निळे झालेत, तीच पाटी समजा. ज्यांना खरंच गरज असेल त्यांनी मला विचारा, सांगेन.

आता गरज म्हणजे काय ते आधी. मी डहाणूकडची, नवरा घानाचा, कुमासीचा. मुली दोन, मोठी दहा वर्षांची, धाकटी सात. राहतो हाउन्स्लोला, म्हणजे मेथी कोथिंबीर कढीपत्ता सगळं चालत्या अंतरावर, मराठी माणसंही सापडतात, त्या बाबतीत काही तक्रार नाही. तक्रार होती ती केसांची. माझे केस सरळसोट, लहानपणी आई रविवारी शिकेकाईने न्हाऊ घालायची, खोबरेल थापून दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी, संपला विषय. मला वाटलं मुलींचंही तेच करायचं. मोठीचं चार वर्षांची होईपर्यंत तेच केलं, कोरड्या केसांत बारीक फणी घालून ओढायचे, ती किंचाळायची, मी वैतागायचे, शेवटी दोघी रडायचो, एकदा तर शेजारीण दार वाजवून विचारून गेली सगळं ठीक आहे ना. फोनवर आई म्हणायची रोज विंचर गं बाई, नाहीतर जट होईल. आता ज्यांना आपल्याकडचं माहितीये त्यांना या शब्दाची भीती कळेल, जट म्हणजे देवीचं बोलावणं समजून मुली सोडणारी माणसं होती, अंनिसच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांना समजावून त्यांच्या जटा कापल्यात. आईच्या डोक्यात ते सगळं असणार. माझ्या डोक्यात फक्त सोमवारची शाळा.

मग तिला घेऊन एका चकाचक सलूनमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी एकदम गोड हसून म्हणाली, सॉरी, आमच्याकडे असे केस करणारं कोणी नाही. परत येताना बसमध्ये मोठीने विचारलं, आई, असे म्हणजे कसे? चार वर्षांची होती. मी काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते आठवत नाही, चांगलं नसणार. नंतर २०२१ मध्ये इथल्या हेअरड्रेसिंगच्या ट्रेनिंगच्या मानकांत आफ्रो केसांचं काम सगळ्यांसाठी घातलं म्हणे, पण आमचा किस्सा त्याच्या दोन वर्षं आधीचा.

तर नवऱ्याच्या चुलतबहिणीने हे दुकान सांगितलं. हाउन्स्लोहून आधी क्लॅपहॅम जंक्शन, तिथून ओव्हरग्राउंड पकडून पेकम राय. या लाईनला आता विंडरश लाईन म्हणतात, १९४८ मध्ये कॅरिबियनमधून माणसं घेऊन टिलबरीला लागलेल्या जहाजाचं नाव. राय लेनला उतरलात की पहिल्यांदा वास येतो, मासळी, कच्ची केळी, सुरण असावा तसले याम, सगळं रस्त्यावर मांडलेलं, मला तर डहाणूचा बाजारच आठवला. मधेमधे केसांच्या सामानाची दुकानं. ती चालवणारे बरेचसे आपल्याच उपखंडातले काका, आणि काचेत काय लटकलंय तर 'इंडियन हेअर', शंभर टक्के ह्युमन, पाकिटावर बाईचा फोटो. तिरुपतीला उतरवलेले केस लिलावात विकले जातात हे ऐकून माहीत होतं, त्यातले कुठले कुठे येऊन पोचतात कोण जाणे. मी इंडियन हेअर डोक्यावर घेऊन त्या दुकानासमोर उभी आणि मला त्यातल्या एकाही बरणीचा उपयोग ठाऊक नाही.

दुकान म्हणाल तर खोली. चार खुर्च्या, सहा स्टुलं, टीव्हीवर घानाचा पिक्चर मोठ्या आवाजात, कोपऱ्यात किटली सतत चालू. ती चहाची नाही बरं का, वेण्या संपल्या की टोकं गरम पाण्यात बुडवतात, जोडलेले केस सिंथेटिक असतात ते उष्णतेने बसतात आणि सुटत नाहीत. पहिल्या दिवशी मी त्या किटलीतलं पाणी कपात ओतायला गेले होते, अजून चिडवतात.

आंटीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, थोडं चाचपलं आणि विचारलं, हे कोणी केलं? म्हटलं मीच. मग विचारलं, कुठल्या वारी झाली ही? मला कळेचना. केसांचा आणि वाराचा काय संबंध. तर घानातल्या त्यांच्या आकान लोकांत जन्मवारावरून नाव असतंच, पाळण्यातलं नाव वेगळं असलं तरी. शुक्रवारचा मुलगा कोफी, म्हणजे आपले युनोवाले कोफी अन्नान शुक्रवारचे, हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तेव्हा कळलं. मोठी रविवारची म्हणून अकोसुआ, हे सासूबाईंनी केव्हाच ठेवलेलं. धाकटी बुधवारची, ती आकुआ. मग आंटी म्हणे, आणि तू? मला माझा वारच माहीत नाही! तिथूनच आईला फोन लावला, आई म्हणाली मंगळवार, अंगारकीला झालीस, विसरलीस काय. म्हणून मी त्या दुकानात अबेना. गंमत म्हणजे मला हे परकं वाटायला हवं होतं पण आमच्या डहाणूच्या वारली पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या हीच नावं, आमच्याकडे वाडीत कामाला यायचा तो शुक्र्याच होता. फक्त आपण त्या नावांना हसायचो. तिकडे पहिल्या पंतप्रधानाचं नाव क्वामे, शनिवारचा, १९५७ साली देश स्वतंत्र केला त्याने.

हे सांगितलं कारण सर्व्हिसचा मुख्य मुद्दा इथेच आहे. तोपर्यंत मला जिथे जाईन तिथे विचारलेलं काय तर या तुझ्याच का. बागेत एक बाई मला म्हणाली, इतकी छान सांभाळतेस, तासाचे किती घेतेस? नॅनी समजली मला. एका गणपतीच्या कार्यक्रमात एक काकू अगदी मायेने म्हणाल्या दत्तक घेतल्यास वाटतं, पुण्याचं काम. शाळेच्या फॉर्मवर तर आमचा रकानाच नाही. इथल्या जनगणनेत २००१ पासून मिश्र वंशाचे रकाने आहेत, पण गोरे-कॅरिबियन, गोरे-आफ्रिकन, गोरे-एशियन, बास, म्हणजे मिश्र व्हायचं तर त्यात एक गोरा पाहिजेच असं धरून चाललेत, आणि शेवटी 'इतर मिश्र'. २०२१ च्या गणतीत इंग्लंड-वेल्समध्ये मिश्र सगळे मिळून १७ लाख, २.९ टक्के, त्यात आम्ही त्या शेवटच्या इतरमध्ये. आंटीने वार विचारला. त्याचं उत्तर होतं माझ्याकडे, म्हणजे आईकडे.

मग ती म्हणाली, बस इथे, तू पण. आणि कंगवा माझ्या हातात दिला. तिची पद्धत अशी की पहिल्यांदा आलेल्या आईला अर्धं डोकं स्वतः करायला लावते. केस पाण्याने भिजवायचे, भरपूर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, टोकापासून सोडवत वर यायचं, मुळाशी शेवटी. मी आयुष्यभर मुळापासून खाली ओढत आलेली! कुरळ्या केसांत टाळूचं तेल वळणावळणाने खाली उतरतच नाही म्हणून केस कोरडे राहतात, म्हणून रोज धुवायचे नाहीत, आठवड्याने दहा दिवसांनी, रोज विंचरायचे तर अजिबात नाहीत. खोबरेलाला तिची ना नाही पण तेल म्हणजे पाणी नव्हे हे तिने मला दहादा ऐकवलंय, आधी पाणी, ते टिकावं म्हणून वर तेल नाहीतर शिया बटर. शियाला त्यांच्या भाषेत 'न्कुतो', घानाच्या उत्तरेकडून येतं, पिवळट गोळा, वास सुरुवातीला नको वाटतो, मग सवय होते. तर मी अर्धं डोकं केलं, भांग सगळे वाकडेतिकडे, ओढ्याच्या पाण्यासारखे, आणि तिने कंगव्याच्या शेपटीने पट्टी लावल्यासारखे सरळ भांग पाडून डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या घातल्या, आपली सागरवेणी असते ना, तशाच पण बारीक आणि पंधरा. मुलगी अर्ध्यात झोपली. झोपली! जिच्या डोक्याला हात लावला की बिल्डिंग गोळा व्हायची. पैसे मात्र पूर्ण डोक्याचे घेतले.

लॉकडाऊनमध्ये सलून बंद झाली तेव्हा वाटलं झालं, परत जट. पण आंटीने व्हिडिओ कॉलवर शिकवलं, दर रविवारी, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, मी इकडे मुलीचं डोकं मांडीत घेऊन, ती तिकडून ओरडतेय, तीन पेड घे, खालून घे, वरून नव्हे, तुझ्या बोटांना हाडं आहेत का नाहीत. जुलैत दुकानं उघडेपर्यंत मला दोन पॅटर्न नीट यायला लागले. एक पेनी घेतली नाही. हे लिहिलंच पाहिजे कारण स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कोणी कमी करतं का?

आता भाव. लहान मुलींच्या साध्या वेण्या, आपलेच केस, वरून काही न जोडता, मी शेवटचे ३५ पाउंड दिले एकीचे. जोडून बॉक्स ब्रेड्स, म्हणजे चौकोनी भांग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या, हवे तर बरेच जास्त आणि तासही दुप्पट, शिवाय जोडायचे केस आदल्या रात्री व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुऊन घ्या, त्यावर काहीतरी थर असतो त्याने डोकं खाजतं, हे कोणी आधी सांगत नाही. कार्ड चालत नाही. वेळेचं म्हणाल तर तुम्हाला दहाची वेळ दिलीय म्हणजे अजून तिघींना दहाचीच दिलीय हे धरून चला. डबा न्या. आम्ही पहिल्यांदा नेला नव्हता तर तिथल्याच एका बाईने तिच्या डब्यातलं पुढे केलं, शेंगदाण्याचं सूप, चिकन घातलेलं, आणि मी पहिला घास घेतला आणि म्हटलं अरे ही तर दाण्याची आमटी! एकादशीची आमटी चिकन घालून, आईला अजून सांगितलेलं नाही. त्यांचं 'बोफ्रोट' म्हणजे आपले गुलगुले, गूळ नसलेले. शितो नावाची काळी तिखट चटणी असते, सुक्या मासळीची, ती मी बरणी बरणी आणते, भाकरीबरोबर तिला तोड नाही.

आणि मुलींची भाषा. घरी इंग्रजीच जास्त, कितीही ठरवलं तरी, पण डोकं ओढलं गेलं की दोघींच्या तोंडून मराठीच निघते, हळू, नको ना, आई गं! तर आता ते 'आई गं' दुकानाचंच झालंय. किटलीचं पाणी हातावर उडालं की आंटीची हेल्पर ओरडते आई गं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून बघितलं कोण मराठी आलंय. याउलट 'नाना' शब्दाने घरात घोळ, त्यांच्यात नाना म्हणजे आजी किंवा आजोबा कोणीही, सासूबाई मुलींच्या नाना, आणि इकडे माझ्या थोरल्या मामांना अख्खं गाव नाना म्हणतं. धाकटीला बरेच दिवस वाटायचं मिशीवाले नाना आणि गाऊनवाल्या नाना हे नवराबायको आहेत.

अर्धा स्टार कापला त्याचं सांगते. एक म्हणजे कपाळाजवळ घट्ट ओढतात. आंटी नाही, हेल्पर. मागच्या वर्षी मोठीच्या कपाळाच्या कडेला बारीक पुरळ आलं, दोन रात्री झोपली नाही. सतत ताणले तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात, हे गंमत म्हणून सोडून द्यायचं नाही. आता मी सुरुवातीलाच सांगते कपाळाकडे सैल, आणि आंटी स्वतः चार आठवड्यांच्या वर वेण्या ठेवूच देत नाही, तरी लक्ष ठेवावं लागतं.

दुसरं जास्त लागलेलं आहे. माझ्या दोघींचे केस सारखे नाहीत, मोठीचे मोकळ्या वळणांचे, धाकटीचे बारीक, घट्ट, स्प्रिंगसारखे. एकाच आईबापाच्या. तर तिथे बसलेल्या बायका मोठीचे केस हातात घेऊन म्हणतात, काय मऊ, नशीबवान पोर, गुड हेअर. धाकटी शेजारीच बसलेली असते. एका रात्री तिने मला विचारलं माझे बॅड आहेत का. मला इतका राग आला ना, आणि मग लक्षात आलं की ही झाल्यावर माझ्या माहेरच्या फोनांत पहिला प्रश्न काय होता, कोणावर गेलीय, रंग कसाय? तिकडे केस, इकडे रंग, दोन्हीकडची तराजू घरातच. आंटीला मी बाजूला घेऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्या दिवसापासून ती धाकटीचं डोकं स्वतः करते, सगळ्यांत आधी, आणि मोठ्याने म्हणते या केसांत वेणी कशी टिकते बघा, मऊ केसांतून लगेच सुटते. खरंही आहे ते, मोठीच्या वेण्या तिसऱ्या आठवड्यात पिसाट होतात. पण गिऱ्हाइकांची तोंडं ती तरी किती बंद करणार, अजून कोणीतरी बोलतंच.

भिशीचं राहिलं. तिथे 'सुसू' चालते (हसू नका, मी पहिल्यांदा खूप हसले, मग का हसले ते समजावून सांगावं लागलं, मग सगळं दुकान हसलं). सुसू म्हणजे तंतोतंत भिशी. बारा जणी, महिन्याला ५० पाउंड, दर महिन्याला एकीला ६००. व्याज नाही, कागद नाही, आंटीची एक निळी वही. आपल्याकडे चिठ्ठी काढतात, इथे गरज सांगून नंबर मागेपुढे करता येतो, एकीने सप्टेंबर मागून घेतला मुलांच्या युनिफॉर्मसाठी, एकीने आक्राच्या तिकिटासाठी. मी दीड वर्ष बघत होते आणि स्वतःहून विचारायची हिंमत नव्हती, कारण भिशीत कोण कोणाला घेतं हे आपल्याला माहितीये, पहिल्याच महिन्यात रक्कम उचलून पुढे बाई गायब झाली तर काय, म्हणून ज्या घराचा उंबरा माहीत त्यांनाच घेतात. एक दिवस आंटी केसातून नजर न काढता म्हणाली, अबेना, एक जागा आहे, येतेस? मी ट्रेनमध्ये नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, मग? सुसूच तर आहे. त्याला काय कळणार. हाउन्स्लोत मला हळदीकुंकवाला बोलावतात, हौसेने बोलावतात, खोटं कशाला बोलू, पण भिशीत अजून कोणी विचारलेलं नाही.

तिथल्या बारा जणींत मुलं मिश्र असलेल्या माझ्याशिवाय दोघी आहेत, एक पोलिश, एक कोलंबियाची. आम्ही तिघी कधी बसून या विषयावर चर्चा वगैरे केलेली नाही. पोलिश बाईने मला कुठलं कंडिशनर स्वस्त ते सांगितलं, मी तिला दह्याचा उपाय करू नकोस म्हणून सांगितलं (मी केलाय, तीन दिवस वास). तिच्या मुलाला शाळेत केसांवरून बोलले तेव्हा कोलंबियावालीने तिला दाखवलं की इथल्या समान हक्क आयोगाने २०२२ मध्ये शाळांसाठी लेखी मार्गदर्शन काढलंय, आफ्रो केस किंवा वेण्या घातल्या म्हणून मुलांना शिक्षा करणं बहुतेक वेळा बेकायदेशीर ठरू शकतं. प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलेली होती तिने. ती प्रिंट आता माझ्याही पर्समध्ये आहे, घडी मोडलेली नाही अजून.

शेवटी आईचं. झोपताना सुती उशी केसांतला ओलावा शोषते म्हणून सॅटिनची टोपी घालावी लागते, बाजारात मिळतात त्या धाकटीच्या डोक्यावरून रात्रीतून पळतात. आईला फोनवर सांगितलं, नुसतं बोलता बोलता. महिन्याभराने पार्सल आलं, तिच्या जुन्या नारायणपेठीच्या दोन कुंच्या, बाळाला घालतो तशाच, पण मोठ्या मापाच्या, हनुवटीखाली बंद, काठ कपाळावर येईल असे शिवलेले. जट होईल म्हणणारी हीच बाई. रात्रभर हलत नाहीत. मोठीने एक दुकानात घालून नेली तर आंटीने हातात घेऊन उलटसुलट केली, शिवण बघितली, काठ बघितला, आणि सहाची ऑर्डर दिली, पैसे देणार म्हणाली. आईला सांगितलं तर पहिला प्रश्न, तिची डोकी केवढाली आहेत, मापं पाठव. आता दर रविवारी आंटी आणि आई एकमेकींना व्हॉइस मेसेज टाकतात, एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी जेमतेम, मधे मी.

जाणार असाल तर कॅश, डबा, चार्जर आणि संयम. दिवाळीच्या आदल्या शनिवारी आमची दोघींची वेळ घेतलीय, साडेनऊची. म्हणजे अकराची.